कडेची एक पाटी

तळ्यातल्या गाळावरून त्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी सोन्यानाण्यावरून झाली नसतील. अर्थात सोनंनाणं फारसं कुणाकडे नव्हतंच, गाळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला होता. भिवंडीहून दिघाशीकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागायचं आणि गावाच्या वरच्या अंगाला थोरलं तळं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मधोमध गोळा होऊन बसायचं आणि चारी बाजूंनी काळाभोर गाळ उघडा पडायचा. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो खणायला सुरुवात व्हायची. बायकांनी पाट्या भरायच्या, डोक्यावरून वाहायच्या, भाताच्या खाचरात ओतायच्या आणि मिरगाच्या आधी सगळं उरकायचं. त्या गाळावर भात असं यायचं की राहनाळचे पाहुणे बांधावर उभे राहून हळहळायचे.

तळ्याचा काठ घराघरांत वाटलेला होता. प्रत्येकाच्या वाट्याला पट्टा म्हणत. पट्ट्याचा कागद नव्हता, सातबाऱ्यावर नोंद नव्हती. होता तो फक्त रिवाज, आणि रिवाज कडक होता. ज्यानं आपल्या पट्ट्यात लागोपाठ दोन उन्हाळे फावडं घातलं नाही, त्याचा पट्टा पडला. पडलेला पट्टा गावाचा, आणि गावाचा म्हणजे पंचायत तो कुणालाही देऊ शकायची. एक सवलत मात्र होती. घरात आजारपण असो की मयत, सगळा गाळ काढणं जमलं नाही तरी एक पाटी काढली की पुरे. तेवढ्यावर पट्टा राहायचा.

गोदूबाईचा पट्टा पश्चिमेच्या कोपऱ्यात, डोंगरातला ओहोळ तळ्यात उतरतो तिथं. वर्षभराचा पालापाचोळा तिथंच येऊन कुजायचा, त्यामुळे तिथला गाळ लोण्यासारखा. साऱ्या गावाचा त्या कोपऱ्यावर डोळा होता आणि गोदूबाईचा साऱ्या गावावर. बाई तोंडाची फटकळ. शेजारच्या पट्ट्यातल्या रंगूबाईनं एकदा फावडं वीतभर इकडे सरकवलं, तर गोदूबाईनं तिच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता, आणि दुपारी दोघी एकाच फडक्यातली भाकर खात बसल्या होत्या.

तिचा नवरा सावळाराम ऐन वैशाखात गेला. मूलबाळ नव्हतं. दीर-जाऊ आदल्याच उन्हाळ्यात तापानं गेलेली, त्या धावपळीत पट्ट्याला फावडंही लागलं नव्हतं; त्यांचा दौलत हिच्याच पदराखाली. नवऱ्याचं दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ही बाई फावडं घेऊन तळ्यावर हजर. लोकांनी नाकं मुरडली. तिनं पाटी शिगोशीग भरली. पण भरल्या पाटीला दुसरा हात लागतो, एकट्या माणसाला ती डोक्यावर घेता येत नाही. रंगूबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. बाकी कुणी पुढे येईना, कारण कोपरा पडला तर त्यांना हवाच होता. तेव्हा गोदूबाईनं शेणाची लहान पाटी आणली, ती भरली आणि हाताशी उभ्या असलेल्या चिमुरड्या दौलतला म्हणाली, "मान खाली घाल, राजा." पोरानं मान खाली घातली. तिनं त्याच्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाटी. तो डुगडुगत खाचरापर्यंत गेला आणि पट्टा राहिला.

तेव्हापासून दर आखितीला पहिली पाटी दौलतच्या डोक्यावर. तो भिवंडीच्या हायस्कुलात गेला तेव्हाही, मुंबईच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आला तेव्हाही. टेरिकॉटचा शर्ट काढून काठावर ठेवायचा आणि काकीपुढे मान वाकवायचा. गोदूबाईला त्या घडीला जो आनंद व्हायचा तो तिनं कधी कुणाला बोलून दाखवला नाही. रंगूबाईला तो न सांगताच कळायचा.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दौलत गावी आला तो पेंढ्यात बांधलेल्या काचेच्या नळ्या घेऊन. एकेक नळी हाताएवढी लांब, दोन्ही तोंडांना रबरी बुचं.

"काकी, पुढच्या डिग्रीसाठी मी आपल्याच तळ्याचा गाळ घेतलाय."

"घे की. किती पाट्या पायजेत?"

दौलत हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग तिला घेऊन तळ्यावर गेला, गुडघाभर पाण्यात उतरला, नळी गाळात उभी दाबली, वरून बूच मारलं आणि अलगद उपसून तिच्यापुढे धरली. आत गाळ जसाच्या तसा उभा होता. वर बोटाच्या कांड्याएवढाही नसेल असा भुरा थर, आणि त्याखाली नुसतं काळं.

"ही वरची भुरी साय बघ. हिला पान्यातली हवा लागते. खाली काळ्यात हवा न्हाय. भाताला जे खत लागतं ना, त्यातला जीव म्हंजे नायट्रोजन. शेनातून, पाल्यातून तो गाळात येतो. या सायीत त्याचं नायट्रेट होतं आनि ते खाली काळ्यात उतरतं. तिथं किडामुंगीपेक्षा बारीक जीव राहतात. त्यांना हवा मिळत न्हाय, मग ते नायट्रेटातला प्राणवायू ओढून जगतात. उरलेला नायट्रोजन हवा होऊन वर निघून जातो, आभाळात."

गोदूबाईनं पायानं गाळ दाबला. बुडबुडे वर आले. "ह्यो काय, तुजा नायट्रोजन निघाला."

"सगळे बुडबुडे त्याचे न्हाईत, काकी. चिखलात दुसरापन एक गॅस असतो. जास्त करून तोच. उगाच खोटं कशाला सांगू?"

हे मात्र तिच्या मनात घर करून राहिलं. बुडबुड्याबद्दलसुद्धा खोटं बोलत नाही असा आपला पोरगा, या गोष्टीचा तिला नायट्रोजनपेक्षा जास्त अभिमान वाटला.

मग त्यानं तिच्याकडे एक गोष्ट मागितली. कोपऱ्यातला गाळ हलवायचा नाही. दोन उन्हाळे. थर मोडले की सगळा अभ्यास फुकट.

"दोन उन्हाळे? आरं, पट्टा पडंल."

"माज्यासाठी, काकी."

ती विचारात पडली. मग तोडगा सापडल्यासारखी म्हणाली, "बरं, असं करते. कोपऱ्याला हात लावत न्हाय. पार कडेची, बांधाला लागून एक पाटी काढते. तुजं काम व्हईल आनि माजा पट्टा राहील."

दौलत हातातली नळी उन्हाकडे धरून बघत राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "कडेचीसुद्धा नको. एक पाटीसुद्धा नको."

"गावानं पट्टा मागितला तर?"

"मी हाय ना सांगायला. माज्या अभ्यासापायी ठेवला, असं मी सोता सांगेन. गाव काय परकं हाय?"

त्या 'मी हाय ना'वर गोदूबाईनं फावडं पडवीत टांगून ठेवलं.

पुढचे दोन उन्हाळे गावात तिची फिरकी घ्यायला सगळ्यांना चांगला विषय मिळाला. गोदूबाईचा पुतण्या चिखलाची डिग्री घेतोय, मग काकी बहुतेक शेणाची घेणार. ती उलट तोंड द्यायची, पण त्यात राग नव्हता. दौलत सुट्टीला आला की ती त्याच्या नळ्या धुऊन द्यायची, त्याची भाकर तळ्यावर नेऊन पोचवायची. भिवंडीतल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं कार्बाइडचे खडे आणले, बाटलीत पाणी टाकून त्याचा गॅस केला आणि पिचकारीनं नळीत सोडला. घर त्या वासानं भरून गेलं. परदेशात नुकतीच निघालेली रीत आहे म्हणाला. गाळातले जीव नायट्रेटापासून पायरी पायरीनं नायट्रोजन करतात. या गॅसनं शेवटची पायरी बंद होते, मग आधीच्या पायरीवरचा वायू तिथंच तुंबून राहतो. तो मुंबईच्या यंत्रावर मोजता येतो.

"म्हंजे पावना दारात अडवून ठेवायचा आनि मोजायचा," गोदूबाई म्हणाली.

"अगदी तसंच."

ही पाहुण्याची गोष्ट तिनं पुढं सगळ्या आळीला सांगितली. मीठमसाला घालून सांगितली. ऐकणाऱ्यांना ती कळली नाही आणि सांगणारीलाही पुरती कळली होती असं नाही, पण सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की कुणी मध्ये बोलायचं नाही.

गाळ न घातलेल्या खाचरात मात्र भात फिकट आलं. पहिल्या वर्षी पिवळट, दुसऱ्या वर्षी तर लोंब्या उभ्याच राहिल्या, वजनानं वाकल्या नाहीत. रंगूबाईच्या हिरव्यागार खाचराशेजारी ते आजारी माणसासारखं दिसायचं. गोदूबाईनं दौलतला हे सांगितलं नाही. पोराच्या डोक्यात अभ्यास आहे, त्यात कशाला आणखी भर, असं तिनं ठरवलं आणि घरातल्या जेवणात भात कमी करून नाचणी वाढवली.

त्याच दिवसांत गावाच्या शिवेवर एक डाइंग उभं राहिलं. भिवंडीतल्या लूमवर विणलेलं कापड तिथं रंगायला यायचं, लाल रंगाचं जास्त. शेठ भिवंडीचा होता आणि त्याची जीप होती. त्या जीपमधून दौलत एकदोनदा उतरला तेव्हा गोदूबाईनं विचारलं.

"एसटीत नळ्या फुटतात, काकी. शेठ भला माणूस हाय, सोडतो इथवर."

भल्या माणसाला ती काय म्हणणार? घरच्या कैऱ्या होत्या, त्या तिनं फडक्यात बांधून शेठसाठी दिल्या.

तिसऱ्या वर्षीच्या आखितीला गोदूबाई पहाटेच उठली. अभ्यास संपला होता, डिग्री झाली होती, आणि दौलत आदल्या दिवशीच गावी आला होता. तिनं पाटी धुतली, नव्या फडक्याची चुंबळ केली, फावडं घासूनपुसून घेतलं. आज पहिली पाटी दौलतच्या डोक्यावर द्यायची. मध्ये दोन वर्षं गेली त्याचं दुप्पट उट्टं काढायचं. तो अंथरुणात नव्हता. पुढे गेला असेल असं समजून ती तळ्यावर आली.

कोपऱ्यात लाल झेंड्या लावल्या होत्या. शिवेकडून थेट तिच्या पट्ट्यापर्यंत सरळ ओळ, आणि दौलतनं नळ्यांसाठी जिथं खुंट्या ठोकल्या होत्या तिथंच शेवटची झेंडी. दोन माणसं दोरी धरून उभी होती.

"ए बाबा, काय चाललंय? माजा पट्टा हाय ह्यो."

त्यातला एकजण हसला. "अम्मा, कंपनी का पाइप आएगा इधर. रंग का पानी छोड़ने का है."

"तळ्यात?"

"दौलतबाबू ने ही जगह दिखाया. नया केमिस्ट साब. उनसे पूछो."

गोदूबाईला वाटलं, हा दुसरा कुणी दौलत असेल. गावात दुसरा दौलत नव्हता हे तिला ठाऊक होतं, तरी तिला तसं वाटलं. फावडं खांद्यावर टाकून ती गावात परत आली. दौलत सरपंचाच्या ओटीवर चहा पीत बसला होता. तिला बघून उठला, जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकी, संध्याकाळी सभा हाय शाळेत. तिथं सगळं नीट सांगतो. आता इथं नको."

तिनं ते मानलं. याच गोष्टीची तिला पुढं सगळ्यात जास्त चीड आली. आपण मानलं आणि घरी जाऊन संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत बसलो.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सरपंच केसरीनाथ खुर्चीवर, शेजारी शेठचा मॅनेजर, आणि त्याच्या शेजारी दौलत. पुरुष पुढे, बायका खांबांच्या आडोशाला. केसरीनाथनं आधी सांगितलं की डाइंगमध्ये घरटी एका माणसाला ड्युटी मिळणार. पुढच्या रांगेत लगेच चुळबुळ झाली. मग दौलत उभा राहिला. तो घरात बोलायचा तसं बोललाच नाही.

"सदर तळ्याच्या पश्चिम कोपऱ्यातील गाळाचा मी सविस्तर अभ्यास केला आहे. रंगकामात सोडियम नायट्राइट वापरतात. त्याचे सांडपाणी या कोपऱ्यात सोडल्यास तेथील गाळ नायट्राइट व नायट्रेट यांचे रूपांतर निरुपद्रवी वायूत करू शकतो. मात्र त्यासाठी तो गाळ कोणीही काढता कामा नये. काढल्यास पाणी शुद्ध न होता तसेच तळ्यात जाईल."

लोकांना यातलं एवढंच कळलं की शिकलेला पोरगा हो म्हणतोय. रंगूबाई खांबामागून म्हणाली, "आनि लाल रंग? त्यो बी गाळ खातो काय?"

दौलतनं चष्मा सावरला. "रंग हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हता."

तेव्हा गोदूबाई उठली. "केसरीनाथा, कोपरा माजा हाय. मी न्हाय म्हनते. पाइप दुसरीकडं न्या, खाडीत न्या, कुटं बी न्या. माज्या पट्ट्यात न्हाय."

केसरीनाथ सावळारामच्या बरोबरीनं वाढलेला, तिला वहिनी म्हणायचा. त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, "वयनी, पट्टा पडला. दोन उनाळे फावडं लागलं न्हाय. रिवाज तुमाला ठावा हाय."

"आरं, ते अभ्यासापायी! ह्यानंच सांगितलं व्हतं मना. एक पाटी काढते बोल्ले तर त्याला बी न्हाय बोल्ला. इचार त्याला. दौलत, सांग ना यांना. सांग, काकीनं माज्यासाठी ठेवला."

सगळी सभा दौलतकडे वळली. गोदूबाईला आता भीती नव्हती. त्यानं शब्द दिला होता, आणि शब्दही केवढा, एका वाक्याचा. तो बोलला की केसरीनाथला मान खाली घालावी लागणार होती, मॅनेजरला झेंड्या उपटाव्या लागणार होत्या.

मॅनेजरनं दौलतकडे पाहिलं, तेव्हा तो बोलला. "पट्ट्यांचा प्रश्न हा गावाचा अंतर्गत प्रश्न आहे. त्यावर मी मत देणं योग्य होणार नाही."

गोदूबाई उभीच राहिली. बुडबुडासुद्धा कुणाचा आहे ते खरं सांगणारा तिचा पोर तिच्या डोळ्यांदेखत तिचा गळा केसानं कापत होता आणि मराठी मात्र पुस्तकातली बोलत होता. रंगूबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं. भाकऱ्या झाकलेल्याच राहिल्या. दौलत त्या रात्री सरपंचाकडे जेवला आणि तिथंच झोपला.

सकाळी गोदूबाई फावडं आणि पाटी घेऊन कोपऱ्यात उतरली. रात्रभर तिनं एकच ठरवलं होतं. गाळ राहिला तर पाइप येणार ना? मग गाळच ठेवायचा नाही. खाली मुरूम लागेपर्यंत सगळा कोपरा खणून काढायचा, एकटीनं, मेली तरी चालेल. तिनं पहिलं फावडं उचललं तोच दौलत चपला हातात घेऊन धावत आला.

"काकी, थांब! खनू नको!"

घाईत त्याची पुस्तकातली मराठी गळून पडली होती.

"का रं? तुजी नोकरी जाईल?"

"नोकरीचं सोड. पाइप आता येनारच हाय. सही झाली, घरटी मानसं ठरली. तू गाळ काढलास तरी ते पानी सोडायचं थांबनार न्हाईत. मंग ते सगळं इख थेट आत जाईल. गाळ हाय तवर निदान त्यातलं नायट्राइट तरी इथं मरंल. हे मी खरं सांगतो, काकी. गुरं पितात ते पानी. तुमी बाया पिता."

गोदूबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. गाळाबद्दल तो कधीच खोटं बोलला नव्हता. पलीकडे रंगूबाईची म्हैस पाण्यात डुंबत होती, वरच्या अंगाला दोन पोरी हंडे बुडवत होत्या. गोदूबाईला कळलं की आता आपल्यालाच हा गाळ राखत बसायचं आहे, शेठच्या पाण्यासाठी, आणि तेही फुकट. तिच्या मनात जेवढी आग होती तेवढी सगळी तिनं फावड्याच्या दांड्यात आवळून धरली आणि फावडं खाली टेकवलं.

दौलतनं सुटकेचा श्वास टाकला. "मी शेठला बोल्लो व्हतो, काकी आइकंल म्हनून."

हे ऐकून तिला रडू आलं. सभेत आलं नव्हतं, ते आता आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, फावडं उचललं आणि चालत चालत पार कडेला गेली, बांधाला लागून जिथं गाळ वाळून भेगाळला होता तिथं.

"एक इचारते. बुडबुड्याचं सांगितलं व्हतंस ना, तसं खरं सांग."

"इचार."

"त्या साली मी इथली, ह्या कडेची एक पाटी काढली असती, तर तुज्या नळ्यांचं काय बिघडलं असतं?"

दौलत झेंड्यांकडे बघू लागला. वारा नव्हता, त्या नुसत्या लोंबत होत्या.

"काय न्हाय, काकी," तो म्हणाला. "कडेला एकपन नळी न्हवती."

"मंग?"

"नळ्यांचा, मुंबईच्या यंत्राचा समदा खर्च शेठनं केला व्हता. तो पयल्याच दिवशी बोल्ला, अभ्यास कर, पन कोपरा गावाकडं आला पायजे."

गोदूबाईनं मान हलवली. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. तिनं कडेचा गाळ खणायला घेतला. या कडेनं काही बिघडत नाही, हे त्यानंच सांगितलं होतं. या पाटीनं पट्टा परत मिळणार नव्हता, तेही तिला माहीत होतं. पण आखिती काल होऊन गेली होती आणि तिच्या खाचरात अजून एक ढेकूळ पडलं नव्हतं.

पाटी अर्धी भरली तेव्हा ती थांबली. दौलत पुढे आला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं त्यानं तिच्यासमोर मान खाली घातली. गोदूबाईनं चुंबळ स्वतःच्या डोक्यावर ठेवली, खाली वाकून पाटी एकटीनं उचलली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली. दुसरा हात लागू नये म्हणूनच तिनं ती अर्धी भरली होती.